गोड्या विहिरीचा थांबा

माझे चुलत सासरे हे अख्ख्या कोकण किनाऱ्यावरचे सर्वांत वाईट गाईड आहेत, आणि हे विधान मी त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून करतो आहे. मुरुड बघायला आलेल्या माणसाला ते सगळं गाव पायी फिरवतात, त्याचा घाम काढतात, आणि अडीच तासांनी पुन्हा एसटी स्टँडवर आणून सोडतात तेव्हा त्या माणसाच्या पदरात एकही राजा, एकही लढाई किंवा एकही भुयार पडलेलं नसतं. भुयारावर तर त्यांचा खास राग आहे. आपल्याकडे कुठल्याही गावात जा, वाड्यातून किल्ल्यात नाहीतर देवळातून डोंगरात निघणारं एक भुयार असतंच, आणि ते ज्याने पाहिलं तो नेमका मागच्याच वर्षी वारलेला असतो. पर्यटकाने भुयाराचं विचारलं की काका चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "असंल भुयार. मी काय त्यातून गेलेलो न्हाय." संपलं. पर्यटक हिरमुसतो, आणि काका पुढच्या ठिकाणाकडे चालू लागतात.

नात्याने ते माझ्या बायकोचे सख्खे काका. सगळी हयात एसटीत वाहक म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून गाव दाखवायला सुरुवात केली. कोणी नेमलं नव्हतं, कोणी पैसे देत नाही, आणि कोणी द्यायला लागलं तर ते दोन्ही हात मागे बांधतात. लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा सासरी मुक्कामाला गेलो तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर थाप पडली. "जावयबापू, सात धाची गाडी हाय. तयार व्हा." मला वाटलं, सासरच्यांनी कंटाळून मला पुण्याला परत धाडलं. बायको पांघरुणातूनच म्हणाली, "गाडी नाही, काका आहेत. जाऊन ये, सगळ्या जावयांना जावं लागतं." असा मी त्यांचा प्रवासी झालो, आणि पुढे प्रत्येक सुट्टीत होत राहिलो.

काकांच्या मते गाव स्टँडपासून सुरू होतं. तुमचं लॉज समुद्रावर असलं तरी तुम्ही आधी उलटं चालत स्टँडवर यायचं, तिथल्या बाकाजवळ उभं राहायचं आणि सात दहा झाले की निघायचं. वेळेच्या बाबतीत देव आला तरी सवलत नाही. एकदा सांगलीकडचं एक आठ जणांचं कुटुंब ठरलेल्या वेळी स्टँडसमोर चहा पीत बसलं होतं. वडीलधाऱ्या गृहस्थांनी हात वर करून "आलोच" अशी खूण केली. काकांनी घड्याळ बघितलं, तोंडाने "टिंग टिंग" अशी डबल बेल दिली आणि एकटेच निघाले. एकट्याने सगळं गाव फिरले, प्रत्येक ठिकाणी थांबून शून्य माणसांना सगळी माहिती सांगितली, आणि पावणेदहाला परत आले. ते कुटुंब अजून तिथेच भांबावून उभं होतं. काका त्यांना अत्यंत प्रेमाने म्हणाले, "सर्विस गेली तुमची. आता उद्या." काकू अजून सांगतात की लग्नाच्या वेळी भटजींना अंतरपाट सापडेना तेव्हा नवरदेव मनगटावरचं घड्याळ बघून मांडवात म्हणाले होते, "वेळापत्रक बिघडतंय."

ही बेल मात्र समजून घ्यायला हवी. ती काकांच्या तोंडातच आहे. एकदा "टिंग" म्हटलं की थांबायचं, दोनदा म्हटलं की निघायचं. एरवी ते रस्त्याने चालतात तेही गाडीत उभं असल्यासारखे, पाय जरा फाकलेले आणि उजवा हात मधूनच वर, जणू डोक्यावर दांडी आहे. प्रत्येक थांब्यावर माणसं मोजतात. एक कमी भरलं तर पुढे जात नाहीत आणि एक जास्त भरलं तर फारच अस्वस्थ होतात. एकदा बाजारातला एक म्हातारा उगाच आमच्यामागून चालत होता, त्याला काकांनी तीन वेळा विचारलं, "तुमी कुठून बसलात?"

त्यांचे थांबेही त्यांचेच. नवाबाच्या राजवाड्याकडे ते लांबून बोट करतात. खोल्या किती, असं विचारलं तर म्हणतात, "मोजल्या न्हाईत. बाहेरून जाळ्या चांगल्या दिसतात, त्या बघा." समुद्रात समोर पद्मदुर्ग दिसतो, जंजिऱ्याला जायला राजपुरीहून होड्या सुटतात, पण काकांची हद्द वाळू संपेपर्यंत. "पुढं माजा रूट न्हाय. होडीवाला सांगंल." याउलट पाटी नसलेली एक बेकरी आहे, सकाळी थोडा वेळ उघडते आणि पाव संपले की बंद होते. तिथे ते प्रवाशांना आत भट्टीच्या तोंडापर्यंत नेतात. अलिबागकडून येताना जिथे समुद्र पहिल्यांदा उजव्या हाताला उघडतो ते वळण गावापासून लांब पडतं, म्हणून ते दाखवता येत नाही, तर त्याचं वर्णन ते स्टँडवरच करून टाकतात. "गाडी कितीबी भरलेली असू द्या, त्या वळनावर झोपलेला मानूस डोळं उघडतो. मी उभी नोकरी बघितलंय." चक्रीवादळात बाजारापलीकडचं एक मोठं आंब्याचं झाड पडलं. तिथे आता मोकळं आभाळ आहे, पण काका अजून तिथे "टिंग" म्हणतात आणि सगळ्यांना आभाळाकडे बघायला लावतात. मी एकदा म्हटलं, "काका, इथे आता काय बघायचं?" तर म्हणाले, "झाड गेलंय. थांबा कुठं रद्द झालाय?"

मासळीबाजाराचा थांबाही मोठा प्रेक्षणीय, कारण तिथे काकांचाच उद्धार होतो. तिथली एक वयस्क कोळीण त्यांच्या गाडीत वर्षानुवर्षं टोपलीसकट चढलेली. आम्ही दिसलो की ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडते, "आलं गो आलं! फुकटचं मिरवनारं आलं! बाय, तू पापलेट बघ, त्याचं काय ऐकू नको, त्याला काय म्हाईत न्हाय!" काका शांतपणे पर्यटकांना सांगतात, "ती खरं बोलते."

कारण ते खरंच होतं. काकांच्या लेखी माहिती तीन प्रकारची. पहिली पाहिलेली, ती ते मोठ्या आवाजात सांगतात. दुसरी ऐकलेली, ती हळू आवाजात, आणि कोणाकडून ऐकली ते सांगून. "हे मी पेठेतल्या चाच्यांकडून ऐकलंय, पन चाच्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं, तेव्हा तुमी बेतानं घ्या." आणि तिसरी नुसती बोललेली, म्हणजे लोक बोलतात म्हणून बोललेली. ती ते सांगतच नाहीत. मी एकदा वाद घातला होता की थोडं तिखटमीठ लावलं तर लोकांना मजा येईल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी विनातिकीट सापडलो होतो. "जावयबापू, मानूस आपल्यावर विश्वास टाकून गाडीत बसतो. त्याला अलिबाग म्हनून रोह्याला उतरवायचा काय?" या सचोटीचाच दुसरा भाग त्यांची सही. निवृत्तीनंतरही ते प्रत्येक सहीखाली आपल्या बिल्ल्याचा क्रमांक लिहितात. बँकेच्या चेकवर लिहिल्यामुळे तो एकदा परत आला होता. माझ्या मुलीच्या बारशाला पाकिटावर आशीर्वाद लिहिले, त्याखालीही क्रमांक होता.

या सगळ्या फेरीचा शेवटचा थांबा म्हणजे गोडी विहीर. समुद्राकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्याला लागून, माडांच्या सावलीत, काळ्या दगडाची, फार मोठी नाही. लाटांचा आवाज ऐकू येईल इतका समुद्र जवळ, आणि पाणी मात्र गोडं. इथे काका सर्वांत जास्त वेळ थांबायचे. स्वतः पोहरा सोडायचे, ओढायचे आणि प्रत्येक प्रवाशाच्या ओंजळीत पाणी ओतायचे. नाही म्हणणाऱ्याला सोडायचे नाहीत. नोकरीत असताना पहिल्या गाडीला निघण्याआधी ते इथूनच चालकासाठी आणि स्वतःसाठी कॅन भरून न्यायचे. लहानपणी त्यांची आई इथून डोक्यावर हंडा न्यायची. पण यातलं ते काही सांगायचे नाहीत, हे मला काकूंकडून कळलं. ते एवढंच म्हणायचे, "कोनी बांधली, माहीत न्हाय. कदी बांधली, माहीत न्हाय. प्या."

एका बाईंनी एकदा विचारलं, "मग हिचा इतिहास काय?" तेव्हा काका जरा विचार करून म्हणाले, "मॅडम, तुमी सकाळपासून ज्याचा ज्याचा इतिहास विचारलात ना, ती समदी बंद झालेली सर्विस. हिला इतिहास न्हाय, कारन ही चालू हाय." त्या बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. काकांच्या तोंडून निघालेलं आणि कोणी लिहून घेतलेलं ते पहिलंच वाक्य असावं.

आता जे सांगायचं आहे त्यात माझा हात आहे, म्हणून ते मला नीट सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी मी मे महिन्यात गेलो तेव्हा त्या अरुंद रस्त्याच्या कडेला लाल रंगाच्या खुणा पडल्या होत्या. शनिवार-रविवारी गाड्या अडकून पडत, म्हणून रस्ता रुंद व्हायचा होता. एक लाल फुली विहिरीच्या कठड्यावर होती. आमची फेरी तिथे पोचली तेव्हा मोजणीचे साहेब कठड्यावरच फाइल घेऊन बसले होते. तरुण होते, उन्हाने रापलेले. काकांनी पोहरा सोडला आणि त्यांच्याही ओंजळीत पाणी ओतलं. साहेब प्यायले, पुन्हा ओंजळ पुढे केली, पुन्हा प्यायले. मग तोंड पुसत म्हणाले, "काका, खरं सांगतो, मला ही बुजवायची हौस नाही. पण कागदावर कारण लागतं. ऐतिहासिक असेल, तर मी रस्ता पलीकडे सरकवून दाखवू शकतो. गावातल्या जाणत्या माणसाने तसं लिहून सही केली की पुरे. उद्या सकाळी मी नकाशा पाठवणार आहे. काही इतिहास आहे का हिला?"

मी काकांकडे पाहिलं. या कठड्यापाशी शेकडो वेळा बोललेलं "माहीत न्हाय" त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. मी घाईने त्यांचा दंड धरला आणि म्हणालो, "आहे. उद्या लिहून देतो."

त्या दिवशी काका जेवले नाहीत. काकूंनी ताट वाढलं, झाकलं, पुन्हा उघडलं. "मासा ताजा हाय हो," त्या म्हणाल्या, "विहिरीनं काय मासा सोडायला सांगितलाय?" काका पडवीत कोरा कागद मांडीवर घेऊन बसले होते. मी शेजारी बसलो. मला तेव्हा फार हुशार असल्यासारखं वाटत होतं.

"एकच वाक्य लिहा काका. जुन्या काळी आरमारातले खलाशी समुद्रावर जाताना इथून पिण्याचं पाणी भरून नेत."

"हे तुमाला कोनी सांगितलं?"

"कोणी नाही. पण कुठून तरी नेतच असतील ना? समुद्राचं पाणी तर पीत नव्हते."

"पाहिलेलं न्हाय. ऐकलेलं न्हाय."

"मग त्यांनी इथून पाणी नेलं नाही, हे तरी तुम्ही पाहिलंय का?"

काकांनी कागदाची कड बोटाने सरळ केली. मग म्हणाले, "तुमी वकील व्हायला पायजे होतात, जावयबापू." ते कौतुक नव्हतं, पण मी तेव्हा कौतुक म्हणूनच घेतलं. स्वयंपाकघराच्या दारातून काकू हलकेच म्हणाल्या, "सासूबाईंचा हंडा तिथलाच व्हता. लिवा काय ते." मग काकांनी लिहिलं. एक वाक्य लिहायला त्यांना दुपार लागली. अक्षर नेहमीसारखंच टपोरं होतं. खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. मी घडी घालताना सहज पाहिलं, तर सहीखालची जागा मोकळी होती. बिल्ल्याचा क्रमांक नव्हता.

विहीर वाचली. साहेबांनी शब्द पाळला. रस्ता तिथे थोडा वाकडा जातो, गाडीवाले शिव्या देतात, आणि वळणावर माडांच्या सावलीत विहीर जागच्या जागी आहे. मी पुण्यात हे चार ठिकाणी फुशारकीने सांगितलं. पुढच्या दिवाळीत गेलो तेव्हा तिथे एक झकपक निळी पाटी लागली होती. तिच्यावर पांढऱ्या अक्षरात माझं ते वाक्य होतं, शब्दाला शब्द. आणि ऐतिहासिक ठेवा म्हटल्यावर त्याची काळजी घ्यायला नको का? तोंडावर लोखंडी जाळी बसली होती, जाळीला कुलूप होतं, कठड्याभोवती रेलिंग होतं. रहाट काढून टाकला होता. पोहरा काकांच्या पडवीत खुंटीला टांगलेला मी आदल्या संध्याकाळी पाहिला होता, पण तो तिथे का, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी म्हणजे सात दहाच्या फेरीला. सोलापूरचे एक शिक्षक आणि त्यांच्या पत्नी होत्या, आणि मी. स्टँड झालं, बेकरी झाली, आंब्याच्या जागी आभाळ झालं, मासळीबाजारात यथासांग उद्धार झाला. समुद्राकडे वळलो आणि विहीर जवळ आली तशी काकांची चाल वाढली. त्यांनी मान डावीकडे वळवली, जिकडे बघण्यासारखं एक विजेचं रोहित्र सोडून काही नाही. लांबूनच त्यांनी "टिंग टिंग" म्हटलं. पण बाई पाटीपाशी थांबल्याच. त्यांनी ती मोठ्याने वाचली आणि हाक मारली, "अहो काका, आरमाराचे खलाशी इथून पाणी न्यायचे? हे खरं आहे का?"

काका थांबले. एवढा सरळ प्रश्न मी आजवर कोणाला इतका जड गेलेला पाहिला नाही. खोटं म्हणावं तर विहीर पुन्हा फुलीखाली जायची. खरं म्हणावं तर त्यांच्या तोंडात तो शब्द बसत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन.

"नक्की माहीत न्हाय," ते म्हणाले.

बाई हसल्या. नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "यांना काहीच माहीत नसतं वाटतं." गावातल्या ज्या गोष्टीची त्यांना सर्वांत पक्की खात्री होती, तिच्याबद्दल हे ऐकून घेऊन काका पुढे चालू लागले. मला फार वाईट वाटलं. आंब्याचं झाड पडलं तरी ज्यांनी थांबा रद्द केला नाही, त्यांनी उभ्या विहिरीचा थांबा रद्द केला होता, आणि तो माझ्यामुळे.

पाहुण्यांना स्टँडवर सोडून आम्ही दोघं परत निघालो. मी मुद्दाम समुद्राच्या रस्त्याने वळलो. काकाही वळले. विहिरीजवळ त्यांची चाल पुन्हा वाढली, मान रोहित्राकडे वळली. मला काय वाटलं कोण जाणे, मी तोंडाने म्हटलं, "टिंग."

एकदाच. एवढ्या वर्षांची सवय, पाय आपोआप थांबले. उजवा हात वर, नसलेल्या दांडीला धरलेला. मागे न बघता त्यांनी विचारलं, "कोन उतरतंय?"

"मी उतरतोय," मी म्हणालो. "काका, चुकलं माझं."

ते वळले. रेलिंगपाशी आले, पाटीकडे पाठ करून उभे राहिले आणि जाळीतून खाली पाहू लागले. खाली पाण्यावर एक वाळकं पान तरंगत होतं. लाटांचा आवाज येत होता. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, आणि रस्त्यावर आम्हा दोघांशिवाय कोणी नसताना, भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "पानी गोडं हाय. हे मी पिऊन पाहिलेलं हाय."

मग किती तरी वेळ त्यांनी डबल बेल दिली नाही.